विशाखाचं गाडुलं

लातूर,
रविवार, ११ ऑगस्ट २०१३

चि. सौ. विशाखा,
निवृत्तीदादाचा सप्रेम जय भीम. तुम्ही तिघंही खुशाल असाल. आम्ही इकडं बरे आहोत.

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी काळजी वाटली असेल. तसं काही नाही. फोनवर मला चार वाक्यांच्या पुढं जाता येत नाही, हे तुला माहीतच आहे. दिवसाचे सहा तास फळ्यासमोर बोलून घरी आलं की तोंड उघडावंसं वाटत नाही. आज रविवार, म्हटलं पत्रच लिहू.

पाऊस यंदा बरा झालाय. क्लासमध्ये रिपीटरच्या दोन बॅच भरल्या, तिसरी सुरू केलीय. आमच्या गल्लीत आता घरं कमी आणि होस्टेलं जास्त. समोरच्यांनी गच्चीवर पत्रे टाकून अकरा मुली ठेवल्यात. संध्याकाळी त्या गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करतात. तुझी वहिनी उज्ज्वला म्हणते, ऐकून ऐकून मीच बारावी पास होईन. तुझ्या बिलोलीच्या दवाखान्यात सध्या तापाचे पेशंट फार असतील. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसतेस, जपत जा. छोटी पाली आता बोलते का?

आता मुख्य बातमी. तुझं गाडुलं सापडलं.

मागच्या महिन्यात किल्लारीला एका शाळेत बारावीच्या मुलांपुढं बोलायला गेलो होतो. भाषण झाल्यावर दगडोबा भेटले. आपल्या जुन्या गावातले शेजारी, तुला आठवणार नाहीत. तू पाच वर्षांची होतीस. फार थकलेत. म्हणाले, "निवृत्ती, तुझी एक वस्तू हाय माझ्याकडं. इतकी वर्सं संभाळली." आणि गोठ्याच्या मागनं ते ओढत आणलं. त्या दिवशी सडकेच्या कडेला पडलेलं त्यांना सापडलं म्हणे. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तोवर त्यावर पाण्याचे डबे आणायचे, मग नव्या गावात आल्यावर वैरण, आणि अलीकडं त्यात कोंबड्या बसायच्या. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. ती नंतर कधीतरी.

घरी आणलं तेव्हा त्याला गाडुलं म्हणावं असं फार काही उरलं नव्हतं. चारातली तीन चाकं, त्यातलं एक चिरलेलं. पुढची ओढायची दांडी जागेवर होती, पण तिची खीळ गंजून अशी धरलेली की ती वळेचना. रॉकेल चोळून दोन दिवस ठेवलं, मग पाना लावला. तरी एक नट तुटलाच. रंगाचे तीन थर निघाले. वरचा दगडोबांच्या दाराचा हिरवा, त्याखाली निळा, आणि सगळ्यांत खाली काकांनी लेकीसाठी स्वतः दिलेला तांबडा. काकांच्या हाताची कमाल आहे बघ. धर्माबादच्या वखारीतले उरलेसुरले सागाचे तुकडे, पण एकही खिळा वरून ठोकलेला नाही. सगळ्या फळ्या खाचेत बसवलेल्या. वीस वर्षं पाणी आणि शेण खाऊनही एक सांधा हललेला नाही.

गंजगोलाईच्या मागं कलीमचाचांचं लाकूड कातायचं, खरादाचं दुकान आहे. त्यांच्याकडं चाकं घेऊन गेलो. त्यांनी चिरलेलं चाक हातात घेऊन पुष्कळ वेळ फिरवलं. म्हणाले, "मास्तर, बनवनाऱ्यानं जीव लावून बनवलंय. नवीन दोन चाकं मी देतो, पन जुन्याच्याच मापाची देतो. न्हाई तर गाडी एका अंगाला चालंल." काकांना सांग, कारागिरानं कारागिराला ओळखलं म्हणून.

मधल्या फळीवर एक काळपट डाग आहे, तो जात नाही. उज्ज्वला काल म्हणाली, "तीन रविवार झाले, एकच फळी घासून राहिलात. इतकं घासून काय निघायचंय त्यातून?" मी म्हटलं, तेलाचा असेल.

तर हे झालं. पण ही बातमी माझ्याआधी आमच्या भुजंग सरांपर्यंत पोचली, आणि क्लास त्यांचा. त्यांनी ठरवलंय की गाडुलं क्लासच्या दर्शनी हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचं. ३० सप्टेंबरला भूकंपाला वीस वर्षं होतात, त्या दिवशी कार्यक्रम. प्रमुख पाहुणी तू. ते तुला फोन करणारच आहेत, म्हणून आधी मीच लिहितोय.

विशाखा, माझं मत विचारशील तर तू येऊ नकोस. पालीला घेऊन एवढा प्रवास, त्यात तुझा पाय, पावसाळ्यात तो दुखतो. रजाही मिळायची नाही. आणि हे कार्यक्रम कसे असतात ते मला माहीत आहे. क्लासच्या माहितीपत्रकात छापलंय की मी तुला दोन किलोमीटर ओढत नेलं. दोन नव्हतं ते. मी मागच्या महिन्यात तिथल्या एकाची मोटारसायकल घेऊन जुन्या आडापासून मोजलं. जेमतेम सव्वा भरतं. 'रक्ताळलेल्या पायांनी' असंही छापलंय. माझ्या पायात चप्पल होती, वडिलांची. असं सगळं वाढवून ठेवलेलं असतं. तुला उगीच ऐकावं लागेल.

सरांना रजेचं कारण सांग. बाकी सगळं ठीक. काकांना आणि भामाआत्याला जय भीम. पालीला पापा.

तुझा,
निवृत्तीदादा


लातूर,
रविवार, ८ सप्टेंबर २०१३

चि. विशाखा,
सप्रेम जय भीम.

परवा तुझा फोन आला. तू येणार, रजा मंजूर झाली, आणि काकाही येणार. काका स्टेजवर दोन शब्द बोलणार, ते म्हणे धर्माबादला आत्तापासून आरशापुढं सराव करून राहिलेत. ज्या माणसाला चार लोकांत नाव सांगायला लाज वाटते, तो माणूस. तू हसत होतीस. मग म्हणालीस, "दादा, त्या दिवशी तू नसतास तर मी नसते, आणि पालीही नसती. तिला ते गाडुलं मला स्वतः दाखवायचंय." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दोन दिवस हे पत्र लिहून राहिलोय. तीनदा फाडलं. आता जसं होईल तसं पाठवतो. हे वाचताना पालीला मांडीवर घेऊ नकोस.

गाडुलं पूर्ण झालंय. चाकं बसवली, दांडी वळते, तेलपाणी केलं. फक्त मधली फळी तशीच सोडलीय. तो डाग तेलाचा नाही. तुझ्या पायाच्या रक्ताचा आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

त्या पहाटेचं मी लिहीत नाही. ते सगळ्यांनी सांगून झालंय. उजाडल्यापासूनचं लिहितो, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. उज्ज्वलालाही नाही, गेल्या आठवड्यापर्यंत.

तुला आजवर सांगण्यात आलंय की तुझी आई झोपेतच गेली. काकाही तेच समजतात. ते तिकडं वखारीत कामाला होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. त्यांना तिसऱ्या दिवशी गावात पाऊल टाकता आलं. त्यांना ते मी सांगितलं होतं. दवाखान्यात, तुझ्या खाटेपाशी. मी म्हणालो, "काकू झोपेतच गेली." काकांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाले, "चला, तिला कळलं तरी न्हाई."

ते खरं नाही, विशाखा. उजाडलं तेव्हा गयाकाकू जिवंत होती.

आमचं घर आणि तुमचं घर एकाच भिंतीचं. माझ्याकडचं सगळं बसलं होतं. आई आणि बाबा गेलेले मी पाहिले होते, ते लिहीत नाही. तुमच्याकडची तुळई तिरपी अडकून राहिली, तिच्याखाली पोकळी झाली होती. त्या पोकळीतून काकूचा आवाज आला. "कोन हाय?" मी म्हटलं, "मी, निवृत्ती." म्हणाली, "विशाखा माझ्याजवळ हाय. तिला घे." तिनं तुला आतून ढकललं आणि मी काखेत हात घालून ओढलं. तुझा पाय दगडात अडकला होता. तू ओरडलीस. मी ओढलंच. तुझा पाय कायमचा अधू झाला तो भूकंपानं की मी ओढल्यानं, हे मला अजून माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही.

काकू कमरेपासून खाली दबलेली होती. तिचा चेहरा मला अर्धा दिसत होता, धुळीनं पांढरा. ती रडत नव्हती. म्हणाली, "हिला सडकेवर ने. तिथं गाड्या येतील. आन् मान्सं घिऊन ये, पहार घिऊन ये. लाकूड तेवढं उचललं की निघते मी." मी म्हटलं, "काकू, तुला सोडून कसा जाऊ?" तर म्हणाली, "मी कुटं जातेय? हितंच हाय. तू जा अन् ये."

गाडुलं हातपंपाजवळ उभं होतं. तू आदल्या सायंकाळी तिथंच सोडलं होतंस म्हणून ते वाचलं. त्यात तुला बसवलं आणि ओढत निघालो. गल्ली अशी राहिलीच नव्हती. दगडांच्या ढिगांमधून जागा सापडेल तसं. इथवर माहितीपत्रकात छापलंय ते खरं आहे.

सडकेवर एक जीप उभी होती. आसपासच्या गावांतून आलेले लोक. जखमींना आत घालून राहिले होते. शेजारी चार जण पहारी-फावडी घेऊन उभे, कुठल्या बाजूला जायचं ते विचारत. त्यांतला एक, पांढरा सदरा, जाड मिशा, माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "बाळा, तुमच्या वस्तीत अजून कुणी जितं हाय का? कुणाचा आवाज येतो का?"

मी "न्हाई" म्हणालो.

तो पुन्हा म्हणाला, "नक्की न्हाई?" मी मान हलवली. ते चौघं वरच्या आळीकडं गेले. मी तुला उचलून जीपमध्ये बसलो. गाडुलं तिथंच राहिलं.

का म्हणालो, याचं उत्तर वीस वर्षं शोधतोय. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला बरोबर नेलं असतं, घर दाखवायला. आणि आमच्या घरावरून जावं लागलं असतं. आई-बाबांना मी पुन्हा बघू शकत नव्हतो. एवढंच होतं. तेव्हा एवढंच वाटलं होतं. जीप सुटली तेव्हा वाटलं, दवाखान्यात कुणालातरी सांगू. दवाखान्यात कुणी विचारलं नाही. संध्याकाळी वाटलं, आता उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

दगडोबांनी किल्लारीला सांगितलेली दुसरी गोष्ट ही. ते म्हणाले, "तुमच्याकडनं दुसऱ्या दिवशीबी कुना बाईचा आवाज येत होता म्हनत होते लोक. पन कुटनं येतो ते कळंना. तिसऱ्या दिवशी, तुझा काका पोचायच्या आदी, गयाला काडलं. बसलेली व्हती." त्यांना वाटलं, मला माहीत असेल. मी गाडुलं जीपच्या टपावर बांधलं आणि घरी आलो.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. काकांनी मला धर्माबादला नेलं. भामाआत्यानं आपल्या दोघांना एका ताटात वाढलं. पाहुणा आला की काका आधी माझी ओळख करून द्यायचे, "हा माझ्या लेकीला वाचवणारा." अकरावीला लातूरला पाठवायची वेळ आली तेव्हा मला पाठवलं. तुझ्या वेळी म्हणाले, इथंच शिक, एकाला पाठवलंय ते पुरे. तू त्यावर कधी एका शब्दानं बोलली नाहीस. तूही मानत होतीस की ते माझ्या हक्काचं होतं.

भुजंग सर ती गाडुल्याची गोष्ट दर वर्षी नव्या बॅचला सांगतात. मी बाजूला उभा असतो. मागच्या वर्षी देगलूरची एक मुलगी, दुसऱ्यांदा नापास होऊन घरी निघालेली, गोष्ट ऐकून थांबली. यंदा तिला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन आली, पाया पडली. तिला मी काय सांगायला हवं होतं ते तू सांग. मी पेढा खाल्ला.

विशाखा, मला माफ कर असं मी लिहीत नाही. तसं लिहिलं तर तुझ्यावर एक काम टाकल्यासारखं होईल. मला एवढंच हवंय की त्या स्टेजवर काकांनी माझ्या गळ्यात हार घालू नये. येत्या बावीस तारखेला, रविवारी, मी धर्माबादला जाऊन त्यांना स्वतः सांगणार आहे. तोवर तू त्यांना काही कळवू नकोस. की कळव. ते तुझ्यावर सोपवायचा मला हक्क नाही, तरी सोपवतोय.

निवृत्ती


लातूर,
मंगळवार, १ ऑक्टोबर २०१३

विशाखा,
जय भीम.

काल तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस. त्याचं मी जे उत्तर दिलं, त्यासाठी हे पत्र लिहितोय. पण आधी बावीस तारखेचं लिहितो. काकांनी तुला काय सांगितलं असेल मला माहीत नाही. ते कमी बोलतात, तेव्हा माझ्या बाजूचं काही गळलं असेल तर बरंच, पण त्यांच्या बाजूचं गळू नये.

मी गाडुलं बरोबर नेलं होतं, बसच्या टपावर टाकून. काका ओसरीवर बसले होते. गाडुलं बघून लहान मुलासारखे उठले. उलटं करून बघितलं, दांडी वळवून बघितली, नव्या चाकावर नख मारलं.

"हे चाक कुनी केलं?"
"लातूरला कलीमचाचा आहेत, त्यांनी."
"चांगलं केलंय. खीळ जरा ढिली ठिव. पावसाळ्यात लाकूड फुगतं."

भामाआत्या चहा करायला आत गेली. मी उभ्यानंच म्हणालो, "काका, काकू त्या सकाळी जिती होती."

ते चाकाकडंच बघत होते. "कोन म्हनलं?"
"मीच म्हणतोय. मी बोललो तिच्याशी."

मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "काय काय म्हनली, ते पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं. "अजून?" मी म्हटलं, एवढंच. त्यांनी विचारलं, "माझं नाव काढलं का?"

काढलं होतं. ते तुला लिहायचं राहिलं होतं. मी निघताना ती म्हणाली, "धर्माबादला सांगावा धाड. त्यांना म्हनावं, पोरगी निघाली."

काका ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले. भामाआत्या चहाचा कप घेऊन दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कप तसाच आत घेऊन गेली.

मग काका बोलले. "तेरा वर्साचा व्हतास. भ्यालास. माझ्या ध्यानात येतंय ते. मी असतो तर मीबी भ्यालो असतो, कोन सांगावं. पन मंग पंधरा वर्साचा झालास, ईस वर्साचा झालास, लगीन झालं तुझं. माझ्यासंगं बसून जेवलास इतकी वर्सं. मी लोकान्ला सांगायचो, झोपेत गेली, तिला कळलं न्हाई. तू शेजारी बसून ऐकायचास. तवा का न्हाई बोललास?"

सडकेवर जे म्हणालो ते तेरा वर्षांच्या पोरानं म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्यानंतरचा गप्प बसणारा माणूस पोर नव्हता, हे मला त्या ओसरीवर पहिल्यांदा कळलं.

मी निघालो तेव्हा गाडुल्याला हात लावला. काका म्हणाले, "ते हितं राहू दे." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "तीसला गावात ये. जागा दाखीव."

भुजंग सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की कार्यक्रमाला मी नाही, काका आणि तू नाही, गाडुलंही नाही. का, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "सर, मुलगी वाचली ना? मग गोष्ट खोटी कशी?" मी म्हटलं, "अर्धी आहे." ते म्हणाले, "पोरांना अर्धीच पुरते. गाडुल्याचं म्हणाल तर तसलं दुसरं करून घेऊ, बघणाऱ्याला काय कळतंय." शनिवारी मी वर्गात फळ्याकडं पाठ करून पोरांना सगळं सांगितलं. नव्वद पोरं होती. तास सुटल्यावर एक मुलगी पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेली. त्याच संध्याकाळी सरांनी कळवलं की सोमवारपासून येऊ नका. ते मला अपेक्षित होतं. घरी चार-पाच मुलं शिकवीन. उज्ज्वला माझ्यासोबत आहे. तू तिच्यावर राग धरू नकोस, तिला काही माहीत नव्हतं.

आता कालचं.

तू काकांबरोबर येशील असं मला वाटलं नव्हतं. जीपमधून तू उतरलीस तेव्हा मी बाभळींच्या आड सरकलो होतो, ते तू पाहिलंस. जुन्या गावात आता ओळखीचं काही नाही. जागा सापडेल की नाही, याची मला भीती होती. आडाचा कठडा तेवढा शिल्लक आहे. तिथून चावडीचं जोतं, जोत्यापासून हातपंपाचा चौथरा, आणि चौथऱ्यापासून वीस पावलं. पावलं टाकताना मला कळलं की मी तेव्हा लहान होतो, ती आता चौदाच भरली. त्या जागी गवत आणि दगड. मी म्हटलं, "इथं."

काका खाली बसले. दगडावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग मान वर करून समोर बघितलं आणि म्हणाले, "हितनं तर सडक दिसून राहिली."

दिसत होती. तिथवरची वाट वळणावळणाची, पण सरळ नजरेत ती जवळच होती. एक ट्रॅक्टर जात होता, त्यावरच्या माणसाच्या डोक्याचा रुमालसुद्धा दिसत होता.

तू उभीच होतीस. अधू पायावर भार न देता, बाभळीला धरून. मग तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "ती घाबरली होती का?"

मी म्हणालो, "न्हाई. शांत होती."

तू मान हलवलीस आणि काकांना हात देऊन उठवलंस. तुम्ही दोघं जीपकडं गेलात. काका एकदा थांबले, वळून माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "उन्हात उभा राहू नको." बस. तेवढंच.

विशाखा, मी तुला खरं सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तुला बरं वाटावं म्हणून मी पुन्हा तेच केलं. तुला बरं वाटणं माझ्या हातात नाही. तू विचारलं होतंस, आणि ते फक्त मलाच माहीत आहे.

ती आधी शांत होती. मी तुला बाहेर काढलं, गाडुल्यात बसवलं, तोवर ती मला कामं सांगावीत तशी सांगत होती. तिच्या पायाला फडकं बांध, तिला पाणी पाज, चढावर दांडी सोडू नको. पण मी निघालो आणि गाडुल्याची चाकं वाजायला लागली, तेव्हा तिचा आवाज बदलला. तिला ती चाकं दूर जाताना ऐकू येत होती. तिनं हाक मारली, "निवृत्ती, लवकर ये रे." मग पुन्हा, जोरात. मग तू रडायला लागलीस, आणि ती मला हाक मारायची थांबली. ती तुझ्याशी बोलायला लागली. "विशाखा, रडू नको ग बाई. दादा हाय ना संगं. बघ, गाडी कशी पळतीय तुझी." ते तिनं हसून म्हटल्यासारखं म्हटलं, पण तिचा आवाज कापत होता. ती घाबरली होती. खूप घाबरली होती, आणि तुला ते कळू नये म्हणून बोलत राहिली.

हातपंपाच्या पुढं वळण येईपर्यंत मला ते ऐकू येत होतं. तूही ऐकत होतीस. तू रडायची थांबलीस, ते तिच्या बोलण्यानं.

तुला आईचा आवाज आठवत नाही असं तू एकदा लहानपणी मला म्हणाली होतीस, आणि मी तुला म्हटलं होतं, मलाही नाही आठवत. मला आठवतो. थोडा जाड होता, आणि 'विशाखा'तला 'शा' ती लांबवायची. तू कधी विचारलंस तर मी सांगेन. नाही विचारलंस तर ते लिहून ठेवलंय असं समज.

पत्राचं उत्तर मागत नाही. मी आता गप्प बसणार नाही, कुणापुढंही, एवढंच कळवतो.

ज्याला ती 'लवकर ये' म्हणाली होती, तो
निवृत्ती